पूरग्रस्तांच्या यादीत एआय : नाव कोण घालणार, कोण कापणार?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९.१२

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. एकदा पाणी भरलं की विचार करायला कुणालाच फुरसत नसते.

आमचा गट छोटा. ठाण्याकडच्या कळवा, विटावा, दिघा या पट्ट्यात चाळींत पाणी शिरलं किंवा डोंगरउतारावर दरड आली की शिधा, ताडपत्र्या, चादरी, सॅनिटरी पॅड पोचवायचे, एवढंच काम. व्हॉट्सॲपवर निरोप येत राहतात. 'आमच्या गल्लीत कोणी आलं नाही', 'म्हातारी एकटी आहे', 'बाळासाठी दूध पावडर पाठवा'. मध्येच कुणीतरी भलत्याच गावाचा जुना व्हिडिओ आजचा म्हणून ढकलतो. दोघं-तिघं रात्र जागवून त्यातून यादी काढतात, एक्सेलमध्ये भरतात, सकाळी टेम्पो निघतो.

यंदा गटातल्या एका आयटीवाल्या मुलाने सुचवलंय की लेखी निरोप, व्हॉइस नोट सगळं एआयला द्यायचं. ते वाचून-ऐकून नाव, पत्ता, गरज वेगळी काढेल. एकच घर दोनदा आलं असेल तर एक नाव उडवेल. मग प्रत्येक घराला निकडीचे १ ते १० गुण देईल आणि टेम्पो त्या क्रमाने फिरेल. सामान संपलं की खालचे राहिले.

बोलायला हे एकच काम वाटतं, पण यात तीन वेगवेगळी कामं आहेत. निरोप वाचून रकान्यात भरणं ही कारकुनी, ती यंत्राने खुशाल करावी. दुहेरी नाव उडवणं आणि गुण देणं हा निवाडा आहे. तिथे माझं घोडं अडलंय.

तेलंगणाचं उदाहरण घ्या. तिथे समग्र वेदिका नावाची व्यवस्था आहे. निरनिराळ्या सरकारी खात्यांतल्या नोंदी नावं जुळवून एकत्र आणते आणि एखादं कुटुंब खरंच गरीब आहे का ते सुचवते. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली. संगणकाच्या छाननीवर विसंबून, घरी जाऊन न बघता हे झालं अशी तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी करायला लावली. समग्र वेदिकेच्या अशाच जुळवाजुळवीत एका विधवेचं रेशन अडलं होतं. हातावर पोट असलेला तिचा नवरा आणि मिळत्याजुळत्या नावाचा कुणी मोटारमालक, दोघं यंत्राच्या लेखी एकच!

आता आमच्याकडची एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. तीन शेख, चार म्हात्रे, पाच जाधव. कुणी नाव देवनागरीत लिहिलेलं, कुणी रोमनमध्ये, कुणी फक्त 'पिंट्याची आई'. पत्ता म्हणून 'इंदिरानगर, पाण्याच्या टाकीमागे'. इंदिरानगर ठाण्यातही आहे आणि तुर्भ्यालाही आहे.

माझं म्हणणं असं आहे. यंत्राने नाव वाढवावं, वर आणावं, शंका काढावी. नाव खाली ढकलायचं किंवा कापायचं असेल तर ते माणसाने करावं, आणि त्या माणसाचं नाव त्या ओळीसमोर लिहिलेलं असावं. यावर बोला. कुणी अशा कामात एआय वापरलं असेल तर अनुभवही लिहा.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री ९.३१

पहिला नंबर माझा. सविस्तर वाचून प्रतिसाद देतो.

---

ऐरोलीचा_कोडर | रविवार, रात्री १०.०५

तो आयटीवाला मुलगा मीच. काका, गटात बोलायच्या आधी इथे धागा काढलात, बरं वाटलं. (हलकेच घ्या.)

एकच विचारतो. माणसं नावं कापत नाहीत का? गेल्या पावसाळ्यात टेम्पो आधी कुठे गेला? जिथून जास्त फोन आले तिथे. फोन कुठून जास्त येतात? ज्या गल्लीत आपल्या ओळखीचा कार्यकर्ता आहे, जिथे मंडळाची पोरं दांडगी आहेत, तिथून. डोंगराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, नुकत्याच आलेल्या बिगारी कुटुंबांकडे आपला नंबरच नसतो. त्यांची नावं कुणी कापली नाहीत, ती कधी लिहिलीच गेली नाहीत. गुण देणारं यंत्र निदान ओळख बघत नाही.

आणि जगात हे नीट झालेलंही आहे. टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाने कोविडच्या काळात २०२० मध्ये नोव्हिसी नावाची योजना काढली, पैसे थेट मोबाईलवर. खेड्यांतले सर्वांत गरीब कोण हे सांगणारी नोंदवहीच देशात नव्हती. तेव्हा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून १०० सर्वांत गरीब कँटन (आपल्या भाषेत मंडळं म्हणा) निवडले आणि त्यांतली गरजू माणसं मोबाईल वापराच्या नोंदींवरून मशीन लर्निंगने (यंत्र माहितीवरून स्वतः शिकतं ती पद्धत) शोधली. २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यावर शोधनिबंध आला. नुसता भाग बघून वाटप करण्यापेक्षा या पद्धतीत खरे गरजू वगळले जाण्याची चूक ४ ते २१ टक्क्यांनी कमी झाली. तो टक्का म्हणजे जेवलेली माणसं आहेत.

---

शंकासूर | रविवार, रात्री १०.४०

कोडरबुवा, त्याच निबंधातलं पुढचं वाक्य खिशात ठेवलंत. देशात सगळ्यांची नीट सामाजिक नोंदवही असती तर तिच्या तुलनेत हीच पद्धत खरे गरजू ९ ते ३५ टक्के जास्त वगळते, असंही त्यात आहे. म्हणजे हातात काहीच नसेल तर यंत्र बरं, आणि दारोदार जाऊन केलेली यादी असेल तर यादी बरी. टोगोला अख्ख्या देशाची नोंदवही करायला वेळ नव्हता. तुमचा पट्टा कळव्यापासून दिघ्यापर्यंतचा. चालत जा की!

दुसरं. मोबाईल घरात एक असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात. तो दारुडा असेल, गावी गेलेला असेल, तर त्या बाईची निकड यंत्राला कुठून कळणार? फोन येत नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून टेम्पो नाही. ओळख बघत नाही म्हणता, पण आवाज कुणाचा मोठा हे तुमचं यंत्रही बघणारच. निरोपांवरूनच शिकतंय ना ते?

---

ऐरोलीचा_कोडर | रविवार, रात्री १०.५२

दुसरा मुद्दा मान्य. पहिलाही अर्धा मान्य. चालत जायला माणसं कोण देतंय? रविवारी बोलावलं तर निम्मे क्रिकेटला असतात.

---

निवृत्त_भाऊसाहेब | सोमवार, सकाळी ६.२०

नोकरीची बरीच वर्षं तलाठी म्हणून गेली, पंचनामे करण्यात. थोडं लिहितो, लांबलं तर माफ करा.

पंचनाम्यात पंच का लागतात? सरकारी माणसाने एकट्याने लिहिलेलं गाव मानत नाही आणि मानूही नये. दोन पंच सोबत उभे राहतात, भिंत कुठवर ओली होती ते बघतात, सही-अंगठा करतात. उद्या भांडण झालं तर ते नाकारू शकत नाहीत. तुमच्या यंत्राचा पंच कोण? एवढं उत्तर मिळालं तर मला एआयचं वावडं नाही.

पण सगळा दोष यंत्रावर ढकलू नका. नियम वाकडा असेल तर माणूस तो हळू राबवतो, यंत्र झपाट्याने राबवेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात मोफत धान्यासाठी दोन दिवसांहून जास्त काळ पाण्याखाली असण्याची अट शासन निर्णयात घातली होती. केवढा गदारोळ झाला आठवा. दीड दिवसात पाणी उतरलं म्हणून कुणाच्या डब्यातलं पीठ कोरडं राहत नाही. प्रत्यक्ष जागेवर गेलेला माणूस अशा वेळी नियमाकडे जरा कानाडोळा करतो. यंत्राला कानाडोळा करता येत नाही, हा त्याचा गुण म्हणा की अवगुण.

आमच्याकडे एक जुनी रीत होती, चावडीवाचन. केलेली नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. ज्याचं राहिलं तो तिथेच ओरडतो, ज्याचं उगाच घुसलं त्याला शेजारीच हटकतो. तुमची एआयची यादी चाळीच्या चौकात वाचून दाखवा. पाच मिनिटांत निम्म्या चुका निघतील, आणि पैसा लागत नाही.

---

तर्रीबाज | सोमवार, सकाळी ९.१५

भाऊसाहेब, दंडवत. चावडीवाचनाला +१.

आता माझी काडी. देणगीदारांना फोटो हवे असतात. 'वाटपाचे फोटो टाका, मग पुढचा हप्ता.' एका गटात परवा एकाने सुचवलं की बायाबापड्यांचे चेहरे दाखवायला नकोत तर एआयने फोटो बनवू, कुणाची अब्रूही जात नाही आणि पैसेही येतात. ऐकायला किती सभ्य!

२०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपानंतर एक चित्र फिरत होतं. अग्निशमन दलाचा जवान लहान मुलाला कवटाळून उभा. जवानाच्या हाताला सहा बोटं. चित्र एआयचं, आणि त्याच्या आडून लोकांकडून पैसे उकळले जात होते. बरं, भामट्यांचं सोडा. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या मानवी हक्कांच्या संस्थेने कोलंबियातल्या २०२१ च्या आंदोलनांवरच्या मोहिमेत एआयची चित्रं वापरली. आंदोलकांची ओळख उघड होऊ नये हा हेतू होता. टीका झाली, चित्रं काढून घ्यावी लागली. ज्यांचं सगळं भांडवल 'आम्ही सांगतो ते खरं असतं' एवढंच आहे, त्यांनी खोटं चित्र लावलं की खऱ्या चित्रावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तांदळाच्या पोत्यांचे फोटो टाका. पोत्याला लाज नसते.

---

कौसा_ते_कल्याण | सोमवार, दुपारी १.४८

भाऊसाहेब, तुमचा आदर ठेवून, चावडीवाचनाला माझा विरोध आहे.

मी मुंब्रा-कौशात बायकांबरोबर काम करते. आमच्या यादीत कोण असतं सांगू? नवऱ्याला सोडून लपून राहिलेली बाई, जिचा पत्ता सासरच्यांना कळता कामा नये. टीबीचा पेशंट, घरमालकापासून लपवलेला. एचआयव्हीची औषधं पाण्यात गेलेली व्यक्ती. चौकात नाव वाचलं की मदत मिळायच्या आधी खोली जाईल. आणि आमच्या भागात 'यादी करायला आलोय, आधार दाखवा' म्हटलं की लोक आधी दार लावून घेतात, पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी. का, ते इथे लिहून धाग्याचं राजकारण करत नाही. सगळ्यांना कळतं.

खाडीकाठदादा, तुम्ही कापाकापीवर भर दिलात. यादी कुणाच्या हाती जाते याची मला जास्त काळजी. रोहिंग्यांचं बघा. बांगलादेशात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने मदतीसाठी त्यांची नोंदणी केली, अंगठ्यांचे ठसे घेतले. ती माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारला गेली, म्हणजे ज्यांच्यापासून जीव वाचवून ते पळाले त्यांच्याच हातात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेने २०२१ मध्ये हे मांडलं, नावं किमान ८ लाख ३० हजार. बऱ्याच जणांना आपण कशाला होकार देतोय ते कळलंच नव्हतं. रेशनचं स्मार्टकार्ड मिळतंय एवढंच माहीत.

आणि जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या सर्व्हरवर हल्ला झाल्याचं उघड झालं. ताटातूट झालेल्यांना शोधण्याच्या कामातली ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांची माहिती चोरांच्या हाती लागली. रेड क्रॉसकडे तज्ज्ञ आहेत, पैसा आहे, माहितीच्या संरक्षणावर स्वतःचं जाडजूड हँडबुक आहे. तरी झालं. आपण काय करतो? आधारचे फोटो ग्रुपवर मागवतो, आणि आता ते फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवणार?

नोंदच कमी घ्या. घर, माणसं किती, काय हवं. धर्म-जात नको, आधार नको, लहान मुलांचे फोटो नकोत. चोरीला जाण्यासारखं काही ठेवलंच नाही की निम्मी झोप शांत लागते.

---

निवृत्त_भाऊसाहेब | सोमवार, दुपारी ४.०५

ताई, तुमचं बरोबर आहे. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, त्या हिशेबाने मी लिहिलं. शहरातल्या चाळीत तसं नाही.

पण मग उलट बाजू सांगा. यादी बंद पाकिटात ठेवली तर राहिलेल्याला कळणार कसं की आपण राहिलो? गुप्तता म्हणून यादी झाकायची आणि आत आपली माणसं घुसवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

कौसा_ते_कल्याण | सोमवार, दुपारी ४.३०

अर्धा तास विचार करतेय, खरंच. आम्ही एक करतो. चौकात नावं वाचत नाही, गल्ली आणि खोलीचे आकडे वाचतो. 'गल्ली तीन, खोली आठ ते चौदा, एक किट प्रत्येकी.' सगळ्या खोल्यांना सारखंच किट, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही कळत नाही. औषधं, पॅड, जास्तीचं काही असेल ते वेगळ्या कागदावर, बाईमाणसाकडे, आणि तो कागद वाटप झाल्यावर फाडायचा. एखादी खोली राहिली तर लोक लगेच ओरडतात. लपून राहिलेल्या बाईचा निरोप माझ्या नंबरवर, कुठल्याच यादीत नाही.

---

निवृत्त_भाऊसाहेब | सोमवार, दुपारी ४.३६

उत्तम. हे मला नोकरीत असताना सुचायला हवं होतं.

---

शंकासूर | सोमवार, संध्याकाळी ७.१०

कायद्याची एक पाचर मारून जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपत्तीच्या वेळी मदत पोचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. म्हणजे बुडणाऱ्याकडून आधी फॉर्म भरून घ्या असं कायदा म्हणत नाही. पण त्याच यादीवरून दिवाळीत देणगीचे मेसेज पाठवलेत किंवा ती निवडणुकीच्या तोंडावर कुणा दादाला दिलीत, तर ती मदत राहत नाही. काम संपलं की माहिती पुसायची. कोण पुसणार आणि कुठल्या तारखेला, हे आत्ताच ठरवा. पुराच्या गाळासारखी माहितीही नंतर कुणी उपसत नाही.

---

दुर्बीण | सोमवार, रात्री ११.२५

दूरसंवेदन (उपग्रहातून जमीन न्याहाळणं) हा माझा धंदा, म्हणून 'उपग्रहावरून एआय सांगेल कुठे पाणी आहे' या स्वप्नाबद्दल लिहितो. गटांना हल्ली असे नकाशे फुकट मिळतात आणि लोक त्यांना देववाणी समजतात.

जुलैत कोकणपट्टीवर ढग असतात. नेहमीच्या छायाचित्रणाच्या उपग्रहाला ढगांची पाठ दिसते. ढगांतून आरपार बघतो तो रडार उपग्रह. युरोपचा सेंटिनल-१ त्यातला, आणि त्याची माहिती कुणालाही मोफत मिळते. सपाट साचलेलं पाणी रडारला काळं दिसतं, म्हणून शेतातला पूर एआय झकास ओळखतं. दाटीच्या वस्तीत मात्र लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि पाणी असूनही चित्र उजळ दिसतं. मुंब्रा किंवा दिघ्याची गल्ली या नकाशावर कोरडी निघेल. शिवाय एक उपग्रह त्याच जागेवरून तसाच पुन्हा जायला १२ दिवस लागतात. आपलं पाणी भरतीबरोबर चढतं आणि ओहोटीला उतरतं. तेव्हा नकाशात निळं नाही म्हणून गल्ली यादीतून काढली, तर ती विज्ञानाच्या नावाखाली केलेली चूक असेल.

गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून पुराचे इशारे सुरू केले, केंद्रीय जल आयोगाबरोबर. ते काम चांगलं आहे. पण सुरुवात मोठ्या नद्यांच्या पुरापासून झाली. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी का तुंबतं हा वेगळा विषय.

दरडींबद्दल बोलताना इर्शाळवाडी विसरू नका. १९ जुलै २०२३ ची रात्र, पनवेलच्या पुढे, खालापूर तालुका. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे विधानसभेतच सांगितलं गेलं. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. धोक्याचा अंदाज बांधणारं कुठलंही एआय अशाच जुन्या याद्या आणि जुन्या दरडी बघून शिकतं. जिथे पूर्वी कुणी सर्वेक्षणच केलं नाही ती जागा त्याला सुरक्षित वाटते. नकाशावरच्या हिरव्या रंगाचा अर्थ 'धोका नाही' असाही असतो आणि 'कुणी गेलंच नव्हतं' असाही. दोन्हींना एकच रंग देणारा नकाशा हातात घेऊ नका. नकाशा देणाऱ्याला हा एक प्रश्न नक्की विचारा.

याच वाडीचं आणखी एक. सुरुवातीला नेमकी किती माणसं आत होती याचा मेळ लागत नव्हता. कागदावर असलेले काही जण कामाला बाहेर होते. बरीच मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. गावात कोण झोपलंय हे गावालाच ठाऊक असतं.

---

नेरूळकर_आजी | मंगळवार, सकाळी ७.५०

मला यातलं निम्मं समजलं, पण समजलं तेवढ्यावर बोलते.

नवी मुंबई वसवताना भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून धारण तलाव केले, दारं बसवली. तलावात गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय. कुठलं दार अडकतं आणि कुठल्या सेक्टरात आधी पाणी येतं हे आमच्या इथल्या वॉचमनला माहीत आहे. त्याला कुणी विचारत नाही. तुमच्या यंत्रात त्याचं म्हणणं घाला.

दुसरं, फोनवर यंत्र बोलायला ठेवू नका. माझ्या वयाच्या बाईला 'एक दाबा, दोन दाबा' जमत नाही. हल्ली बँकेतलं यंत्र गोड आवाजात बोलतं आणि काहीच ऐकत नाही. घरात पाणी असताना माणसाला आधी माणसाचा आवाज हवा असतो. आणि त्या यंत्राने 'अमुक शाळेत निवारा आहे' असं ठोकून दिलं नि शाळेला कुलूप असलं, तर भर पावसात म्हाताऱ्या माणसाने जायचं कुठे?

---

ऐरोलीचा_कोडर | मंगळवार, रात्री ९.००

आजी, बॉट रद्द. फोन माणूसच उचलेल. 'निवारा कुठे' याचं उत्तर यंत्र देणार नाही. कंट्रोल रूमला विचारून ज्याने खात्री केली त्याचं नाव आणि वेळ लिहूनच ते पुढे जाईल. कोविडमध्ये ऑक्सिजन बेडच्या याद्या फिरायच्या तेव्हा 'तपासलं, दुपारी ४.१०' असं लिहिलेलीच कामाला यायची.

बाकीचंही बदललंय. गुण देणं काढलं. एआय फक्त निरोप रकान्यांत भरेल आणि मूळ निरोप, मूळ आवाज शेजारीच राहील, म्हणजे शंका आली की ऐकता येईल. पत्ता धड कळला नाही तर अंदाज बांधायचा नाही, 'फोन करून विचारा' अशा ढिगाऱ्यात टाकायचा. नाव आणि नंबर बाहेरच्या चॅटबॉटला जाणारच नाहीत. लेखी निरोपांतून ते आधी गाळून तिथे फक्त अनुक्रमांक जाईल. व्हॉइस नोट माझ्याच लॅपटॉपवर मजकुरात उतरवेन, हळू चालेल पण चालेल. शिवाय दुर्बीणदादांवरून सुचलं की ज्या गल्लीतून एकही निरोप आला नाही तिची वेगळी यादी यंत्राने काढावी. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. तिथे माणूस पाठवायचा. या कामाला यंत्र खरंच चांगलं आहे, कारण आपण आलेल्या फोनांत बुडालेले असतो तेव्हा न आलेले कुणालाच आठवत नाहीत.

एका गोष्टीवर अडून आहे. दुहेरी नावं यंत्रालाच काढू द्या. दोनशे ओळी रात्री दोन वाजता हाताने जुळवणं मला माहीत आहे.

---

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९.२६

न आलेल्या निरोपांची यादी! यासाठी तरी हा धागा काढला ते बरं झालं.

दुहेरी नावांवर मी अजून तुझ्या बाजूला नाही. यंत्राला चूक झाल्याचं कळणारच नाही. ज्याचं नाव गेलं तो माणूस आपल्या टेम्पोची वाट बघेल आणि आपल्याला वाटेल काम चोख झालं. दोन्हीकडच्या चुका सारख्या नसतात रे. एका घरी दोन किट गेली तर आपलं नुकसान एका किटचं, तेही शेजारी वाटून खातात. चुकून नाव गेलं तर एक घर उपाशी.

---

ऐरोलीचा_कोडर | मंगळवार, रात्री ९.३४

आणि त्याच चाळीत एकाने पाच नावं देऊन पाच किट नेली तर? तेही घडलंय. शेवटच्या घराला कमी पडलं ते त्याच्यामुळे.

---

निवृत्त_भाऊसाहेब | मंगळवार, रात्री ९.५०

घडतं. पाच किट नेणारा दारात उभा राहिला की ओळखू येतो, एक्सेलमध्ये नाही. यंत्राला म्हणा दोन ओळी शेजारी आणून पिवळ्या कर. वाटप करणारा दारात गेला की स्वतः बघेल, एक खोडेल, पुढे सही करेल. दोनशे ओळींत पिवळ्या निघतील वीस-पंचवीस. रात्री दोनला कुणी जागायला नको.

---

ऐरोलीचा_कोडर | मंगळवार, रात्री ९.५८

पिवळं करून बघतो. पण वीस-पंचवीसच्या जागी ऐंशी निघाल्या तर पुन्हा भांडायला येईन.

---

शंकासूर | मंगळवार, रात्री १०.१५

सगळं छान. यादीच्या तळाशी तक्रारीसाठी नंबर कुणाचा छापणार? 'आमचा गट' असं लिहू नका, गटाला फोन लागत नाही.

---

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०.२२

माझा. रात्री अकरानंतर कोडरचा. बायकांसाठी वेगळा नंबर हवा. कौसाताई, तुमच्या गटातलं कुणी आमच्या पट्ट्यासाठी तयार होईल का? आणि पुसायची तारीख अनंत चतुर्दशीची ठेवूया, विसरणार नाही कुणी.

---

कौसा_ते_कल्याण | मंगळवार, रात्री १०.४१

एकजण आहे, कळव्यातच राहते. विचारून व्यक्तिगत निरोप करते. तारीख चालेल, पण पुसताना दोघांनी समोरासमोर पुसा, आणि ज्यांच्या फोनवर एक्सेल डाउनलोड झालंय त्यांच्याकडूनही. तिथेच राहतं ते.

---

निवृत्त_भाऊसाहेब | बुधवार, सकाळी ६.१०

एक राहिलं. पावसात मोबाईलचा पडदा ओल्या बोटाला दाद देत नाही. यादी छापून न्या, दोन प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत. जेल पेन नको, पसरतं. साधं बॉलपेन घ्या.